गोदीनं शेत सोडलं

माझं नाव जानकी. मुलुंडला पश्चिमेकडं डोंगर हाय ना, जिथनं जंगल चालू होतं, त्याच्या पायथ्याला आमचा पाडा. तुमी रिक्षावाल्याला सांगितलं असतं जानकीबाय भाजीवाली तरी त्यानं आणून सोडलं असतं, तुमी उगाच ते फोनवर नकाशा बघत बसलात. माझं माहेर येऊरच्या अंगाला, डोंगर चढायचा आणि पलीकडं उतरायचं, आता तशी वाट कोणी चालत नाय, पण मी लग्न होऊन आली ती चालतच आली, अंगाला हळद आणि पायात काय नाय. वय किती ते विचारू नका, कार्डावर एक लिवलंय आणि माझी आय दुसरंच सांगायची. शाळा बघितली नाय. पण कोणी माझ्याकडनं काय नेलं, कितीचं नेलं, ते माझ्या डोक्यात राहतं, आठ दिवसांनीपण विचारा. त्याचा मला लय गर्व होता. त्यानंच माझी वाट लावली, ते सांगते पुढं.

सासरी आली तवा इथं इमारती नव्हत्या येवढ्या. सासऱ्याची जमीन म्हणजे काय, उताराच्या दोन पट्ट्या, एक थोरल्याची, एक धाकट्याची. थोरला म्हणजे माझा नवरा, काशिनाथ. धाकटा बारकू. मधी दगडाचा बांध, गुडघ्यायेवढा. नांगर-बैल आमच्याकडं नाय, त्या उतारावर बैल चालायचा पण नाय. सगळं कुदळीनं, हातानं. पावसाळ्यात काकडी, शिराळी, पडवळ, भेंडी, चवळी, अळू, लाल माठ, खालच्या सपाट तुकड्यावर घरापुरतं भात. पाऊस गेला की ओहोळाचं पाणी हांड्यानं घालून मुळा, पालक. माकडं येतात, रानडुकरं येतात, बिबट्यापण येतो पण तो आमचं काय खात नाय, तो कुत्र्यांसाठी येतो. डुक्कर लय वाईट. एका रात्रीत भोपळ्याचा वेल उपटून टाकतं, खातपण नाय धड.

गोदी म्हणजे बारकूची बायको, माझी धाकटी जाऊ. ती आली तवा सोळाची असेल, बारीक, दात पुढं, बोलायची नाय. मला बाय म्हणायची. तिच्या माहेरी शेत नव्हतं, मजुरी करायची माणसं, तिला कुदळ कशी धरायची ते मी शिकवलं. कुठल्या वेलाला काठी द्यायची, कुठला भुईवर सोडायचा, काकडीचं बी राखेत कसं ठेवायचं, सगळं मी. आणि बाजारात बसायलापण मीच शिकवलं. पहिल्या दिवशी ती टोपलीमागं तोंड लपवून बसली, गिऱ्हाईक विचारतंय कशी दिली, ही माझ्याकडं बघते. मी म्हटलं गोदे, भाव तू सांग, मी काय जन्मभर तुझ्या बाजूला बसणार हाय का. पण बसलीच की. तीस वर्षं बसली तिच्या बाजूला. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला एक जुना पिंपळ हाय, त्याच्याखाली आमच्या दोन टोपल्या, एकीची संपली की दुसरीतनं काढायची, गिऱ्हाईक म्हणेल मावशी कुठली हाय भाजी, आमी म्हणायचो आमची.

माझा नवरा गेला टीबीनं. पोरगी आठ वर्षांची होती माझी, एकच पोरगी. जेठाच्या महिन्यात गेला, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, आणि मी काय उठायलाच तयार नाय. दोन महिने मी भिंतीकडं तोंड करून पडून होती, मला खोटं सांगायचं नाय. त्या वर्षी गोदीनं दोन्ही पट्ट्या लावल्या. आधी माझी लावली, मंग तिची. पोट होतं तिला तवा, प्रतिभा पोटात. पहाटे उठून दोन टोपल्या घेऊन जायची आणि संध्याकाळी माझ्या उशाशी फडक्यात बांधलेले पैसे ठेवायची, म्हणायची बाय, हे तुझ्या वेलाचे. मी ते कवा मोजले नाय. एकदापण नाय. ते फडकं तसंच डब्यात टाकायची, लागेल तवा काढायची. हे तुमी नीट लिवा ताई, मी मोजले नाय, हे नीट लिवा.

आता तुमी विचारताय फोनच्या पैशाचं. ते पण सांगते, त्यातनंच सगळं झालं.

नोटा बंद झाल्या तवा आमाला कळलंच नाय पहिले दोन दिवस. लोक मोठ्या नोटा घेऊन आले, म्हणाले मावशी सुटे दे, आमी म्हटलं कुठनं देऊ. काकडी तर वेलावर थांबत नाय ना. आज नाय तोडली तर उद्या जून होते. मंग आमी देऊन टाकायचो, म्हणायचो द्या मागनं. बऱ्याच लोकांनी दिलेपण, खोटं कशाला बोलू. तवा लोकांकडं नोट नव्हती पण समोर तोंडओळखीचा माणूस होता. मंग तो रोग आला, बाजार बंद, पोलीस हाकलायचे, आणि तो रोग गेला तवा बघते तर लोक बदललेले. कोणी पाकीटच आणत नाय. चालायला निघालेला माणूस, हातात नुसता फोन. मावशी स्कॅनर हाय का. नाय म्हटलं की पुढं जातो, पुढं भय्याकडं हाय. आमच्या ताज्या काकडीवरनं हात फिरवून, वास घेऊन, ठेवून जायचे. लय लागायचं जिवाला. सकाळी चार वाजता तोडलेली, काटे अजून अंगावर हायत काकडीच्या, आणि पुढं जाऊन तो माणूस गाडीवरची थंड पेटीतली घेतो.

बँकेची माणसं आली बाजारात, गळ्यात पट्टे घातलेली, चांगली बोलायची. म्हणाली मावशी, आता सगळा देशच असा होणार, रोकड बंद होत जाणार, तुमीपण घ्या, फुकट हाय. घेते की, मी कुठं नाय म्हटलं. तर म्हणे खात्याला फोन जोडायला पायजे, फोन जोडायला अंगठा पायजे. माझा अंगठाच येईना. मशीन लाल व्हायचं. ती पोरगी माझं बोट पुसायची, मंग ओलं करायची, मंग दुसरं बोट, मंग तिसरं. तिनं माझा हात उलटा करून बघितला आणि म्हणाली, मावशी तुमच्या बोटांवर रेषाच नायत. मी म्हटलं कुदळ धरून बघ चाळीस वर्षं. हसली ती, पण काम झालं नाय. तीन वेळा गेली मी, तीन दिवस भाजी सोडून. एकदा नाव चुकलंय म्हणाले, कार्डावर जानकी आणि खात्यावर जनकी. एका कान्यापायी मला परत पाठवलं.

गोदीचं मात्र झालं. तिचा अंगठा आला. ती लहान माझ्यापेक्षा, हात थोडे बरे. तिच्या नावाचा कागद मिळाला, तो चौकोनी काळ्या ठिपक्यांचा. पुठ्ठ्यावर चिकटवून आमी दोघींच्या टोपल्यांच्या मधी ठेवला. तीच म्हणाली, बाय, तुझं-माझं काय, माझ्यावर घे, संध्याकाळी तुला देते. फोन घरात एकच धड, तो तिच्या पोरीकडं, प्रतिभाकडं. प्रतिभा औषधाच्या दुकानात कामाला, फोन तिच्याबरोबर जायचा. म्हणजे बघा, गिऱ्हाईक इथं पैसे पाठवतंय आणि आला का नाय ते कळणार संध्याकाळी, प्रतिभा घरी आल्यावर. आमाला दोघींना वाचता येत नाय. गिऱ्हाईक फोन फिरवून दाखवायचं, हिरवं हिरवं दिसायचं, गेले हं मावशी म्हणायचं, आमी म्हणायचो बरं. दुसरं काय म्हणणार.

संध्याकाळी आमी घरी यायचो. मी तोंडपाठ सांगायची, आज माझ्या टोपलीतले फोनवर येवढ्याचे गेले. प्रतिभा फोन बघून एकूण सांगायची. त्यातनं माझे जेवढे मी सांगितले तेवढे गोदी मला द्यायची आणि राहतील ते तिचे. असं चाललं दीड वर्ष. पैसे काढायला प्रतिभा एटीएमला जायची आठवड्यातनं एकदा, कारण आमाला तर नोटच लागते ना. निंदणीला पाड्यातल्या दोन बाया बोलवायची मी, त्यांना नोट पायजे. टेम्पोवाल्याला नोट. शेणखतवाला तबेल्याचा, त्याला नोट. आमच्याकडं येणारा पैसा सगळा त्या ठिपक्यांत आणि जाणारा सगळा हातातनं. मधी चार दिवस निंदणी थांबायची, गवत वर यायचं. पण चाललं होतं. गिऱ्हाईक परत आलं होतं, ते महत्त्वाचं.

आता एका मॅडमचं सांगते. नाव नाय सांगणार. आमी त्यांना सहाव्या मजल्यावरची म्हणायचो, कारण एकदा भोपळे पोचवायला गेलो तवा सहाव्या मजल्यावर गेलो होतो. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. कोवळी काकडी त्यांनाच आधी काढून ठेवायची मी. भाव कवा केला नाय त्यांनी, कवा म्हणजे कवाच नाय. माझ्या पोरीच्या लग्नात साडी दिली, नवी, दुकानाच्या पिशवीतली. एकदा मला ताप होता तर औषधाच्या गोळ्या आणून दिल्या पिंपळाखाली. बोलायच्या गोड. जानकी, तुझ्या हातची भाजी म्हणजे झकास. अशी बाई. सोन्यासारखी वाटायची मला.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. तुमाला माहीतच असेल, त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नायत, हातानं पिकवलेलंच पायजे. आमची भाजी तर सगळी हातानंच. वर्षातला आमचा मोठा दिवस तो. अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, शिराळी, भेंडी, मक्याचं कणीस, सगळं थोडं थोडं बांधून जुडगं करायचं. त्या वर्षी सहाव्या मजल्यावरच्या मॅडम चार दिवस आधीच सांगून गेल्या, आमच्या बिल्डिंगच्या महिला मंडळाचं सगळ्यांचं एकत्र करतोय, तूच दे जानकी. तीस घरांची भाजी. मी माझी पट्टी सगळी त्याच्यावर काढली. अळूचं एक पान ठेवलं नाय. दोन रिक्षा भरून पोचवली. मॅडम खाली आल्या, बरोबर दोन-तीन बायका, हसत होत्या सगळ्या, फोन काढला, गोदीच्या कागदाचा फोटो त्यांच्या फोनमधी होताच, टकटक केलं, मला दाखवलं. गेले हं, सगळे एकदम पाठवले. मी हात जोडले.

संध्याकाळी आमी अजून पिंपळाखालीच होतो, शेवटचा माल होता, गर्दी होती, तर प्रतिभा कामावरनं परस्पर तिथंच आली. मी म्हटलं बघ गं, आज लय आलेत. तिनं फोन बघितला. परत बघितला. मंग आईच्या कानात काय तरी बोलली. गोदी माझ्याकडं बघेना. मी म्हटलं काय झालं. ती म्हणाली, बाय, कमी हायत. मी म्हटलं किती कमी. तर जेवढे एकूण आले होते, तिचे-माझे मिळून, ते माझ्या एकटीच्या हिशेबाच्या निम्मेपण नव्हते.

गोदी हळूच म्हणाली, बाय, त्या सहाव्या मजल्यावरच्या मॅडमना विचारूया का, त्यांचे आले नसतील.

काय सांगू तुमाला, माझ्या डोक्यात काय शिरलं. दिवसभर उपाशी होती, दोन रात्री झोप नाय, पण ते कारण नाय. मला त्या बाईचं नाव गोदीनं घेतलं याचाच राग आला. मी म्हटलं, पंधरा वर्षांत त्या बाईनं कवा दोन रुपये कमी दिले नायत, तिनं माझ्या पोरीला साडी दिली, तिच्यावर आळ घालतेस तू. माझ्या डोळ्यांसमोर तिनं पाठवले. कागद तुझा, खातं तुझं, फोन तुझ्या पोरीचा, मंग पैसे गेले कुठं. गोदे, तू माझं खातेस.

असं बोलली मी. मोठ्यानं. तिथं फुलवाली होती, नारळवाला होता, गिऱ्हाईकं होती, सगळ्यांसमोर. प्रतिभा म्हणाली काकी, काय बोलतेस, तर मी तिलापण म्हटलं, तू गप, तुझ्याच हातात असतो फोन.

गोदीनं काय केलं असेल. भांडली नाय. रडली नाय. कमरेची पिशवी सोडली, त्यात तिचे दिवसभराचे रोख होते, ती पिशवी माझ्या टोपलीत ठेवली. तिच्या टोपलीत अजून भेंडी होती, अर्धी टोपली, ती तशीच ठेवली. पुठ्ठ्यावरचा तो कागद काढून घेतला, घडी केली, ब्लाऊजमधी घातला आणि पोरीला घेऊन चालत गेली. रिक्षानंपण नाय, चालत. फुलवाली मला म्हणाली, जानकी, हे बरं नाय केलंस. मी म्हटलं तुला काय माहीत.

त्यानंतर आमचं बोलणं बंद. घरं शेजारी शेजारी, मधी एक भिंत, पत्रा एकच दोघींवर. ती भाकरी थापते ते मला ऐकू यायचं, खोकते ते ऐकू यायचं. ती बाजारात आली नाय परत. पुढच्या पावसाळ्यात मी बघते तर तिनं बी टाकलं नाय. बांधापलीकडं नुसतं गवत. मला वाटलं टाकेल, उशिरा टाकेल. जेठ गेला, आषाढ गेला. मंग कळलं ती एका मोठ्या हॉस्पिटलात साफसफाईला लागली, ठेकेदाराकडं. निळी साडी घालून सकाळी जायची माझ्या दारावरनं. मी तवा आत जायची, म्हणजे तिला मान वळवावी लागू नये. का मलाच वळवायची नव्हती, काय माहीत.

मी हट्टानं माझं स्वतःचं खातं जोडून घेतलं. माझी पोरगी आली तिच्या सासरहून, दिवा गावाहून, दोन दिवस माझ्याबरोबर फिरली, नावातला काना लावून घेतला आणि एका केंद्रावर डोळ्याचा फोटो काढून झालं. बोटं नाय तर डोळा. मला कागद मिळाला आणि बरोबर तो बोलणारा डबा. त्याचं भाडं कापतात महिन्याला. पैसे आले की बोलतो, येवढे रुपये मिळाले. मला लय बरं वाटलं. मनात म्हटलं, आता कोणाची गरज नाय.

सहाव्या मजल्यावरच्या मॅडम आल्या. काकडी, शिराळी, थोडा माठ. फोन फिरवला, हिरवं दाखवलं, गेले हं. डबा बोलला नाय. मी डब्याकडं बघितलं. त्या म्हणाल्या, नेटवर्क असेल, येईल, आणि गेल्या. मंग एक पोरगा आला, दहा रुपयांची कोथिंबीर घेतली, डबा लगेच बोलला. मला काय कळलं नाय, म्हणजे कळून घेतलं नाय. म्हटलं मागनं येतील.

दुसऱ्या वेळी तेच. मी म्हटलं मॅडम, डबा बोलला नाय. त्या म्हणाल्या, अगं तुझा डबा बिघडलाय, मी दाखवलं ना तुला. त्यांच्या मागं उभी होती तिनं पैसे दिले, डबा बोलला.

तिसऱ्या वेळीपण त्यांनी तसंच हिरवं दाखवलं. मी पिशवी हातात धरून ठेवली, दिली नाय. म्हटलं, मॅडम, आवाज येऊ द्या मंग न्या. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, जानकी, पन्नास-साठ रुपयांसाठी मी तुला फसवीन असं वाटतं तुला.  त्यांनी पर्समधनं शंभराची नोट काढली, होती त्यांच्याकडं नोट, टोपलीवर टाकली आणि पिशवी न घेताच गेल्या. परत आल्या नायत. समोरच्या फुटपाथनं जातात आता.

त्यांनी मुद्दाम केलं का, ते मला आजपण ठाऊक नाय. त्यांच्याच फोनात काय बिघाड असेल, पैसे अडकत असतील, परत त्यांच्याकडंच जात असतील आणि त्यांनी कवा बघितलंच नसेल. मोठ्या लोकांना साठ रुपये आले-गेले कुठं कळतं. पण पंचमीचे तर साठ नव्हते. मला नाय सांगता येत. कोणावर खोटं घालायचं नाय मला आता, एकदा घातलं तेवढं पुरे.

त्या दिवशी मी टोपली उचलली आणि प्रतिभाच्या दुकानावर गेली. ती औषधं देत होती. मला बघून आत वळली. मी म्हटलं, बेटा, हात जोडते, एक काम कर, आईच्या खात्याचं सगळं बघ आणि मला सांग, त्या मॅडमचे कवा आले. तिनं समोरचं गिऱ्हाईक उरकलं. मंग बाहेर आली, पायरीवर बसली माझ्या बाजूला आणि म्हणाली, काकी, बघायची गरज नाय. बाजारात तू मला गप म्हटलंस त्या रात्रीच मी बघितलं होतं. त्यांचे सुरुवातीला दोनदा आले, मंग कवाच नाय. मी म्हटलं, कवाच नाय म्हणजे, दीड वर्ष, पण गोदी तर मला रोज देत होती, मी सांगितले तेवढे. प्रतिभा म्हणाली, ते आईच्या भाजीचे होते.

मला कळायला वेळ लागला. तिनं परत सांगितलं. रोज कमी पडायचे. आईला वाटायचं आपल्यालाच हा फोन कळत नाय, आपलंच काय तरी चुकतंय. मी म्हणायची काकीला सांग, तर आई म्हणायची नको, तिच्या पोरीचं बाळंतपण आलंय, तिला आता पैसे लागतील, तिला काय बोलू नको. तिचे पुरे करून दे, आपलं बघू. पंचमीला येवढे कमी पडले की आईकडं द्यायलाच नव्हते, म्हणून ती बोलली.

ताई, मी त्या पायरीवर किती वेळ बसली मला आठवत नाय. लोक औषधं घेऊन माझ्या अंगावरनं जात होते. माझं डोकं, ज्याच्यात सगळं राहतं म्हणून मी मिरवायची, त्याच्यात कोणी काय नेलं ते बरोबर होतं, एक काकडी चुकली नव्हती. आणि माणूस पूर्ण चुकला.

संध्याकाळी मी गोदीच्या दारात गेली. ती नुकतीच आली होती, पाय बादलीत टाकून बसली होती, दिवसभर उभं राहून सुजतात. मी उंबऱ्यातच बसली. म्हटलं गोदे, मी चुकली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, मला ठाऊक होतं बाय, तू कधी तरी येशील. मी म्हटलं मला मार, शिव्या दे. ती म्हणाली, कशाला. मंग बादलीतनं पाय काढले आणि म्हणाली, पैशाचं मला काय वाटलं नाय बाय. तू घरात बोलली असतीस तर मी तुझ्या अंगावर धावून आली असती, भांडली असती, संपलं असतं. तू बाजारात बोललीस. त्या जागेवर मला तूच बसवलं होतंस ना, तिथनं उठल्यावर परत कशी बसू, सांग.

मी म्हटलं चल, मी सगळ्यांसमोर सांगते, फुलवालीसमोर सांगते. आणि सांगितलंपण दुसऱ्या दिवशी, एकेकाला जाऊन सांगितलं, गोदीनं काय खाल्लं नव्हतं, मीच खोटी. नारळवाल्याला तर आठवतपण नव्हतं, म्हणाला कोण गोदी. बघा म्हणजे. ज्यांच्यासमोर बोलली ते विसरले, आणि ती तेवढ्यासाठी शेत सोडून बसली.

परत ये म्हटलं तर आली नाय. म्हणाली, पगार येतो महिन्याला, रविवारी सुट्टी, कोणाला भाव सांगायचा नाय, कोणाच्या फोनकडं बघायचं नाय. बाय, आता बरं हाय माझं. पट्टी तू कर. मी कशी करणार. माझे गुडघे गेलेत, माझीच पुरी होत नाय. पहिल्या वर्षी तिच्या तुकड्यात थोडं अळू लावलं, बाकी राहिलं. आता तिथं कमरेयेवढं गवत हाय, डुकरं तिथंच दडतात आणि रात्री माझ्याकडं येतात. बारकू म्हणतो, राहू दे, आता कोण करतंय शेती. तिच्या हातची चवळी मात्र कोणाला येणार नाय, मीच शिकवलेली पण माझ्यापेक्षा चांगली यायची तिची. ते बी पण गेलं. राखेतलं बी एक वर्ष टाकलं नाय की किडतं.

लोक म्हणतात सरकारनं वाट लावली, कोणी म्हणतं बँकेनं. मी तसं नाय म्हणणार. डबा चांगला हाय, चालतो, मला आता आकडे पण थोडे कळायला लागले. पण आमाला दोघींना ते कळेपर्यंत कोणी थांबलं नाय. आमच्या हातात नोट होती तवा चूक झाली तरी दिसायची, पडली तर उचलता यायची. हे दिसत नाय. आणि जे दिसत नाय त्याच्यात माणूस मनातलं भरतो. मी भरलं. दुसऱ्याकडं बोट दाखवून काय उपयोग.

आता बोलतो आमी. रविवारी ती माझ्याकडं जेवते, नायतर मी तिच्याकडं. प्रतिभाचं लग्न झालं, घाटकोपरला दिली, हळद मीच लावली तिला, गोदीनंच पुढं केलं मला. सगळं परत होतं तसं हाय, बघणाऱ्याला कळणार नाय. फक्त एक हाय. परवा मी अंगणात भाजी निवडत होती, ती कामावरनं आली, उभी राहिली आणि म्हणाली, बाय, दोन भेंड्या घेऊ का. तीस वर्षं आमी एकाच टोपलीतनं खाल्लं, ताई, तिनं कवा विचारलं नव्हतं. मी म्हटलं घे ना गं. तिनं दोनच घेतल्या, मोजून.

जाऊ द्या. तुमी लांबनं आलात, ऊन उतरलंय, आता निघा, पाड्याच्या वाटेला दिवे नायत. ही शिराळी न्या घरी, कोवळी हाय, सालासकट करा. नाय, पैसे नको, तो फोन आत ठेवा. तुमच्या घरची माणसं तुमच्यावर रागावू देत, भांडू देत, पण तुमाला विचारून घ्यायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, येवढंच म्हणते मी.